ऑस्कर फोग्ट

ऑस्कर फोग्ट (जन्म : ६ एप्रिल १८७०, हुझुम, मृत्यू : जुलै १९५९, फ्रायबुर्ग) हे जर्मन वैद्यक, मेंदूशास्त्रज्ञ आणि कीटक-अभ्यासक होते. पत्नी सेसिल फोग्ट यांच्या साथीने त्यांनी मानवी मेंदूच्या बाह्यकाचे सूक्ष्मदर्शकाखाली नकाशे तयार करण्याचे काम सुमारे सहा दशके केले. मेंदूची रचना आणि आनुवंशिकता या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत आणि त्यांचा अभ्यास एकाच छताखाली झाला पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या आरंभीच्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. आनुवंशिकीत आजही वापरल्या जाणाऱ्या पेनिट्रन्स आणि एक्स्प्रेसिव्हिटी या दोन संज्ञा त्यांनी १९२६ मध्ये मांडल्या. सोव्हिएत नेते व्लादिमीर लेनिन यांच्या मेंदूचे परीक्षण त्यांच्याकडे सोपवण्यात आले होते. सर्वसामान्य वाचकांना त्यांचे नाव मुख्यतः याच कारणाने ठाऊक आहे; मात्र त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत सर्वाधिक टीकाही याच कामावर झाली.

बालपण व शिक्षण

फोग्ट यांचा जन्म उत्तर जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतात, हुझुम या समुद्रकाठच्या गावी एका ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ते लहान असतानाच वडिलांचे निधन झाले व कुटुंबाची आर्थिक स्थिती ओढग्रस्त झाली. हुझुममध्येच शिकलेले, पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झालेले फर्डिनांड टोनिस यांच्याशी त्यांचा तरुणपणी स्नेह जुळला आणि तो दीर्घकाळ टिकला.

शाळकरी वयातच त्यांना बंबलबी या जाड, केसाळ आणि रंगीत पट्ट्यांच्या मधमाश्या गोळा करण्याचा छंद लागला. एकाच जातीच्या माश्यांत पट्ट्यांचे रंग इतके निरनिराळे का असतात, हा प्रश्न त्यांना तेव्हापासून पडला होता. हा छंद त्यांनी आयुष्यभर जोपासला आणि त्यांच्या मेंदूविषयक विचारांवरही त्याचा खोल ठसा उमटला.

कील येथे त्यांनी शिक्षणास आरंभ केला व पुढे येना विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास केला. येना येथे उत्क्रांतिवादाचे प्रसिद्ध पुरस्कर्ते एर्न्स्ट हेकेल शिकवीत असत. मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यावर प्रबंध लिहून फोग्ट यांनी १८९४ मध्ये वैद्यकातील डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर त्यांनी येना येथे मनोविकारतज्ज्ञ ओटो बिन्सवांगर यांच्या, झुरिच येथे ऑग्युस्त फोरेल यांच्या आणि लाइपत्सिग येथे पॉल फ्लेक्सिग यांच्या हाताखाली काम केले. फोरेल हे मेंदूशास्त्रज्ञ होते, संमोहनाचे अभ्यासक होते आणि मुंग्यांचे जाणकारही होते. फोग्ट यांच्या आवडींचा तिहेरी मेळ त्यांच्यात आधीच साधलेला होता. फ्लेक्सिग यांच्याशी मात्र त्यांचे लवकरच बिनसले आणि हे वैर पुढे अनेक वर्षे चालले.

संमोहन व क्रुप कुटुंब

त्या काळी संमोहन हा मनोविकारांवरील एक मान्य उपचार मानला जाई. फोग्ट यांनी फोरेल यांच्याकडून ही विद्या शिकून घेतली, या विषयावरील नियतकालिकाचे संपादन केले आणि बव्हेरियातील आलेक्झांडर्सबाद या आरोग्यस्थळी रुग्णांवर उपचार केले. संमोहनाचा सराव झालेले रुग्ण स्वतःच्या प्रयत्नानेही तशा विश्रांत अवस्थेत जाऊ शकतात, असे त्यांच्या लक्षात आले. योहानेस हाइनरिख शुल्त्स यांनी पुढे विकसित केलेल्या स्वयंसूचनेच्या प्रशिक्षणपद्धतीचे मूळ या निरीक्षणात आहे.

या उपचारांमुळे त्यांचा पोलाद व शस्त्रनिर्मितीतील बलाढ्य क्रुप कुटुंबाशी परिचय झाला. पुढील चाळीस वर्षांत हे कुटुंब त्यांच्या संशोधनाचा मोठा आर्थिक आधार ठरला. विद्यापीठातील वरिष्ठांशी न पटणाऱ्या या संशोधकाला स्वतंत्रपणे काम करता आले, ते बऱ्याच अंशी या आश्रयामुळे.

सेसिल म्यूनिए यांच्याशी विवाह

१८९० च्या दशकाच्या अखेरीस फोग्ट पॅरिसला गेले. तेथे ज्यूल देजेरीन आणि ऑग्युस्ता देजेरीन हे दांपत्य मेंदूच्या रचनेवर एकत्रितपणे काम करीत होते. पॅरिसमध्येच त्यांची सेसिल म्यूनिए (२७ मार्च १८७५ – ४ मे १९६२) यांच्याशी भेट झाली. फ्रान्समधील आन्सी येथे जन्मलेल्या सेसिल त्या वेळी पिएर मारी यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या मोजक्या स्त्री-वैद्यकांपैकी एक होत्या. १८९९ मध्ये दोघांचा विवाह झाला व त्या बर्लिनला आल्या. गोलार्धांतील चेतातंतूंवर मायलिनचे आवरण कोणत्या क्रमाने चढते, या विषयावरील त्यांचा प्रबंध १९०० मध्ये पॅरिस येथे मान्य झाला.

यापुढील बहुतेक महत्त्वाचे लेखन दोघांच्या नावे प्रसिद्ध झाले. थॅलॅमस या मेंदूतील खोल भागाच्या विभागणीचे काम आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या राखाडी पुंजांच्या आजारांचा अभ्यास ही प्रामुख्याने सेसिल यांची कामगिरी होय. काही बालकांत जन्मापासून आढळणाऱ्या अनैच्छिक हालचालींच्या विकारात या पुंजांवर संगमरवरासारख्या रेघा दिसतात, हे त्यांनी १९११ मध्ये दाखवून दिले. संशोधनाचा निम्मा भार उचलूनही त्यांना दीर्घकाळ विद्यापीठात पद किंवा वेतन मिळाले नाही. पती-पत्नींची नावे नोबेल पारितोषिकासाठी अनेकदा सुचवली गेली, परंतु ते त्यांना मिळाले नाही.

या दांपत्याला मार्थे व मार्गरीट या दोन मुली झाल्या आणि दोघींनीही संशोधनाचा मार्ग धरला. मार्थे फोग्ट (१९०३–२००३) या औषधशास्त्रज्ञ म्हणून ख्यातनाम झाल्या. मेंदूतील नॉरॲड्रेनॅलिनच्या वाटणीवरील त्यांचे काम मूलभूत मानले जाते.

बर्लिनची प्रयोगशाळा व बाह्यकाचे नकाशे

१८९८ मध्ये फोग्ट यांनी बर्लिनमध्ये भाड्याच्या जागेत एक खासगी संशोधन केंद्र सुरू केले. १९०२ मध्ये ते न्यूरोबायॉलॉजिकल प्रयोगशाळा या नावाने बर्लिन विद्यापीठाशी जोडले गेले.

मेंदूच्या गोलार्धांवर काही मिलिमीटर जाडीचा राखाडी थर असतो. त्यास बाह्यक म्हणतात. वरून पाहता तो सर्वत्र सारखाच भासतो. परंतु मेंदूचे अतिशय पातळ छेद घेऊन ते रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर बाह्यकात एकावर एक रचलेले थर दिसतात आणि जागोजागी त्या थरांची जाडी, पेशींचा आकार व त्यांची दाटी बदलते. हे बदल जेथे होतात तेथे सीमारेषा आखत गेल्यास बाह्यकाचा नकाशा तयार होतो. फ्रान्झ निसल यांच्या रंजनपद्धतीने पेशी उठून दिसतात, तर कार्ल वायगर्ट यांच्या पद्धतीने तंतूंची मायलिन आवरणे. एका संपूर्ण मेंदूचे असे हजारो छेद कापणे, रंगवणे, त्यांची छायाचित्रे घेणे आणि त्यांचा क्रम सांभाळणे हे काम वर्षानुवर्षे चालत असे.

प्रयोगशाळेत या कामाची वाटणी झाली होती. आलेक्झांडर्सबाद येथे फोग्ट यांच्या परिचयाचे झालेले कोर्बिनियान ब्रोडमान १९०१ मध्ये येथे आले व त्यांनी पेशींच्या रचनेचा अभ्यास हाती घेतला. फोग्ट दांपत्याने तंतूंची रचना निवडली. ब्रोडमान यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेला क्रमांकित क्षेत्रांचा नकाशा आजही जगभर वापरला जातो. मेंदूच्या प्रतिमांचे वर्णन करताना संशोधक ज्या क्रमांकांचा उल्लेख करतात, ते या बर्लिनच्या प्रयोगशाळेत ठरलेले आहेत. फोग्ट दांपत्याची विभागणी याहून कितीतरी बारीक होती. त्यांनी मानवी बाह्यकात सुमारे २०० क्षेत्रे मानली.

या सीमारेषा केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत की कार्याशीही निगडित आहेत, हे पडताळण्यासाठी त्यांनी माकडांच्या बाह्यकास विजेचे सौम्य झटके देऊन स्नायूंच्या हालचाली नोंदवल्या आणि नंतर त्याच मेंदूंचे छेद तपासले. रचना बदलते तेथे प्रतिसादही बदलतो, असे त्यांना आढळले. या संशोधनाचा विस्तृत आढावा त्यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केला.

आनुवंशिकतेकडे वळण

फोग्ट यांना केवळ नकाशा पुरेसा वाटत नव्हता. दोन माणसांचे मेंदू वेगळे का असतात आणि काही मेंदू विशिष्ट ठिकाणीच का आजारी पडतात, या प्रश्नांचे उत्तर आनुवंशिकतेत शोधले पाहिजे, असे त्यांचे मत होते. बंबलबींच्या रंगबदलांवर त्यांनी १९०९ आणि १९११ मध्ये लेखन केले होते. हे बदल यादृच्छिक नसतात. ठरावीक भूप्रदेशात ते ठरावीक क्रमाने होत जातात, असे त्यांनी त्यात मांडले. मेंदूच्या रचनेतील भेद आणि मनोविकार यांचीही अशीच शिस्तबद्ध वर्गवारी करता येईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

मॉस्कोशी संबंध आल्यावर त्यांनी तेथील निकोलाय कोल्त्सोव्ह यांच्या संस्थेतील तरुण आनुवंशिकीतज्ज्ञ निकोलाय तिमोफेयेव-रेसोव्स्की आणि त्यांच्या पत्नी येलेना यांना १९२५ मध्ये बर्लिनला आणले. मेंदूच्या संस्थेत फळमाश्यांची पैदास करणारा विभाग सुरू होणे ही त्या काळी अनोखी गोष्ट होती. तिमोफेयेव यांनी एका उत्परिवर्तनाचा अभ्यास केला होता. त्यामुळे माशीच्या पंखावरील एक शीर मध्येच तुटते. मात्र उत्परिवर्तित जनुक असलेल्या सर्वच माश्यांत हा दोष दिसत नव्हता. आणि ज्यांत दिसत होता त्यांतही शीर कमीअधिक प्रमाणात तुटलेली होती.

या निरीक्षणांच्या आधारे फोग्ट यांनी १९२६ मध्ये दोन संज्ञा सुचवल्या. जनुक बाळगणाऱ्यांपैकी किती जणांत त्याचा परिणाम प्रकट होतो, ते प्रमाण म्हणजे पेनिट्रन्स. आणि ज्यांच्यात तो प्रकट होतो त्यांच्यात तो किती तीव्र असतो, ती मात्रा म्हणजे एक्स्प्रेसिव्हिटी. सदोष जनुक असूनही आजार न होणारी व्यक्ती आणि एकाच घरात कोणास सौम्य तर कोणास तीव्र आजार होणे, यांचे वर्णन करण्यासाठी वैद्यक आजही या संज्ञांचा आधार घेते. जनुक आणि गुण यांच्यातील नाते सरळ रेषेत चालत नाही, ही जाणीव त्यांत स्पष्टपणे नोंदलेली आहे.

विकारप्रवणतेचा सिद्धान्त

१९२२ मध्ये फोग्ट दांपत्याने मेंदूच्या आजारांविषयी एक सिद्धान्त मांडला. विषबाधा, प्राणवायूची कमतरता किंवा आनुवंशिक दोष संपूर्ण मेंदूवर परिणाम करू शकत असले, तरी प्रत्यक्षात काही विशिष्ट पेशीसमूहच आधी मरतात. त्या पेशींच्या अंगभूत रासायनिक-भौतिक गुणधर्मांमुळे त्या अधिक विकारप्रवण असतात, असे या सिद्धान्ताचे सार आहे. म्युनिक येथील वाल्टर श्पीलमायर यांनी याला विरोध केला. काही भागांना होणारा रक्तपुरवठा तोकडा असतो, म्हणून ते आधी बळी पडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन्ही कारणे आपापल्या जागी महत्त्वाची असल्याचे पुढे मान्य झाले. कंपवातासारख्या आजारांत एकाच प्रकारच्या चेतापेशी का नष्ट होतात, हा प्रश्न आजही संशोधनाचा विषय आहे.

लेनिन यांचा मेंदू

२१ जानेवारी १९२४ रोजी लेनिन यांचे निधन झाले. त्यांचा मेंदू जतन करून ठेवण्यात आला होता. त्यांच्या असामान्य बुद्धीचे भौतिक कारण विज्ञानाने दाखवून द्यावे, अशी सोव्हिएत सरकारची इच्छा होती आणि त्यासाठी फोग्ट यांना पाचारण करण्यात आले. १९२५ मध्ये मॉस्कोत प्रयोगशाळा उभारून काम सुरू झाले. मेंदूचे ठोकळे करून त्यांचे ३० हजारांहून अधिक छेद घेण्यात आले. फोग्ट स्वतः अधूनमधून मॉस्कोस जात. दैनंदिन काम त्यांच्या सहाय्यकांच्या देखरेखीखाली तेथील संशोधक करीत. या प्रयोगशाळेतून पुढे मॉस्कोची मेंदूसंशोधन संस्था उभी राहिली व फोग्ट तिचे पहिले संचालक झाले.

१९२७ मध्ये मॉस्कोतील व्याख्यानात आणि १९२९ मधील लिखित अहवालात त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. लेनिन यांच्या बाह्यकाच्या तिसऱ्या थरातील पिरॅमिडच्या आकाराच्या पेशी असाधारण मोठ्या व संख्येने अधिक आहेत, असे त्यांनी नमूद केले. हा थर बाह्यकाच्या विविध भागांना जोडणारा असल्यामुळे लेनिन यांची विचारांची सांगड घालण्याची क्षमता विलक्षण असावी, असे अनुमान त्यांनी काढले.

या अनुमानावर तेव्हाही आक्षेप घेण्यात आले. परीक्षणास घेतलेला असा मेंदू एकच होता. तुलनेसाठी हाताशी असलेले मेंदू थोडे होते. वारंवार आलेल्या पक्षाघाताच्या झटक्यांनी लेनिन यांच्या मेंदूचा डावा गोलार्ध मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झालेला होता. मोठ्या पेशी बौद्धिक दृष्ट्या मंद व्यक्तींच्या मेंदूतही आढळू शकतात, याकडेही टीकाकारांनी लक्ष वेधले. मुख्य म्हणजे पेशीच्या आकारापासून राजकीय प्रतिभेपर्यंत पोहोचण्याची मधली कोणतीही पायरी सिद्ध झालेली नव्हती. मॉस्को संस्थेत पुढे कवी व्लादिमीर मायाकोव्हस्की यांच्यासह अनेक नामवंतांचे मेंदू जमा झाले, परंतु प्रतिभेची खूण पटवणारी रचना हाती लागली नाही. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लेनिन यांच्या मेंदूच्या रचनेत काही अद्भुत नसल्याचे सांगितले.

बर्लिन-बुख येथील संस्था

कैसर विल्हेल्म सोसायटीच्या मेंदूसंशोधन संस्थेची स्थापना १९१४ मध्ये ठरली होती. पहिल्या महायुद्धामुळे ती लांबणीवर पडली. १९३१ मध्ये बर्लिनच्या बुख या उपनगरात संस्थेची प्रशस्त वास्तू उभी राहिली. तिच्यासाठी अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन आणि क्रुप कुटुंब यांचे मोठे साहाय्य लाभले. त्या काळातील मेंदूसंशोधनाच्या जगातील सर्वांत मोठ्या संस्थांमध्ये तिची गणना होत असे.

या संस्थेची आखणी फोग्ट यांच्या विचारांचे मूर्त रूप होती. मेंदूच्या सूक्ष्म रचनेचा विभाग, शरीरक्रियेचा विभाग, रसायनाचा विभाग, फळमाश्यांच्या आनुवंशिकीचा विभाग, मानवी आनुवंशिकीचा विभाग आणि रुग्णांसाठी चिकित्सालय हे सारे एकाच आवारात होते. फर्डिनांड टोनिस यांचे पुत्र यान फ्रीडरिख टोनिस यांनी येथेच मेंदूच्या विद्युत्‌लहरी कागदावर शाईने उमटवणारे यंत्र बनवले. अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ हर्मन म्युलर यांनी १९३२-३३ मध्ये येथे काम केले. क्ष-किरणांमुळे उत्परिवर्तने घडतात या शोधासाठी त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिमोफेयेव-रेसोव्स्की यांनी कार्ल झिमर आणि माक्स डेल्ब्र्युक यांच्यासह १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला जनुकाच्या स्वरूपावरील निबंधही बुख येथील कामातून जन्मला. रेण्वीय जीवशास्त्राच्या पूर्वेतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

नाझी राजवट व पदच्युती

१९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या नाझी पक्षाला ही संस्था खुपत होती. संचालकांचा मॉस्कोशी संबंध होता, पत्नी फ्रेंच होती आणि संस्थेत परदेशी व ज्यू संशोधक काम करीत होते. नाझींच्या गणवेशधारी टोळ्यांनी त्याच वर्षी संस्थेच्या आवारावर छापे घातले. साम्यवाद्यांना आश्रय देत असल्याचे आरोप फोग्ट यांच्यावर झाले आणि त्यांना संचालकपदावरून दूर करण्याचा निर्णय झाला. मार्थे यांनी १९३५ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंड गाठले. १९३७ मध्ये फोग्ट यांनी बुख सोडले आणि हुगो श्पात्झ यांनी संचालकपद स्वीकारले.

यानंतरचा संस्थेचा इतिहास काळाकुट्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने मनोरुग्ण व अपंग व्यक्तींच्या केलेल्या सामूहिक हत्येतील शेकडो बळींचे मेंदू श्पात्झ आणि युलियस हालरफोर्डन यांच्या काळात या संस्थेत संशोधनासाठी घेण्यात आले. त्यांत लहान मुलांचेही मेंदू होते. युद्धानंतर कितीतरी दशके हे नमुने संशोधनसंस्थांच्या संग्रहात पडून होते. १९९० मध्ये त्यांतील अनेकांचे म्युनिक येथील दफनभूमीत दफन करण्यात आले.

या गुन्ह्यांत फोग्ट यांचा सहभाग नव्हता. तथापि मेंदूसंशोधनाच्या आधारे मानवजातीची प्रत सुधारता येईल आणि श्रेष्ठ मेंदूंची जोपासना करता येईल, असे सुप्रजननवादी विचार त्यांनी पूर्वी मांडले होते. त्या काळी हे विचार अनेक देशांत, निरनिराळ्या राजकीय मतांच्या लोकांत प्रचलित होते. माणसांच्या मेंदूंची श्रेष्ठ-कनिष्ठ अशी प्रतवारी करणारी भाषा पुढे किती घातक ठरली, हे लक्षात घेऊन आजचे इतिहासकार फोग्ट यांच्या लेखनाचा हा भाग चिकित्सकपणे तपासतात.

नॉयश्टाट येथील उत्तरायुष्य

क्रुप कुटुंबाच्या मदतीने फोग्ट दांपत्याने श्वार्त्सवाल्ड अर्थात काळ्या अरण्याच्या प्रदेशातील नॉयश्टाट या गावी मेंदूसंशोधन व सामान्य जीवशास्त्राची खासगी संस्था उभारली. आपला छेदांचा संग्रह ते सोबत घेऊन आले. युद्धकाळात व युद्धोत्तर टंचाईतही काम चालू राहिले. या काळात त्यांनी चेतापेशींच्या वार्धक्याचा आणि छिन्नमनस्कतेच्या रुग्णांच्या मेंदूचा अभ्यास केला. कामात असलेली चेतापेशी अधिक काळ टिकून राहते, असे मत त्यांनी आपल्या निरीक्षणांवरून मांडले.

१९५० मध्ये फोग्ट यांना पूर्व जर्मनीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. १९५४ पासून मेंदूसंशोधनास वाहिलेले त्यांचे नियतकालिक नव्या नावाने निघू लागले. जुलै १९५९ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, फ्रायबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. सेसिल त्यानंतर केंब्रिज येथे मार्थे यांच्याकडे राहिल्या व तेथेच १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

फोग्ट यांच्या नकाशांविषयी विसाव्या शतकाच्या मध्यात शंका घेतली गेली. सीमारेषा डोळ्यांच्या अंदाजाने आखलेल्या होत्या. दोन निरीक्षक एकाच छेदावर वेगवेगळ्या रेषा काढू शकत आणि दोनशे क्षेत्रांची विभागणी अनेकांना अतिरेकी वाटे. एका व्यक्तीचा मेंदू दुसऱ्याहून किती भिन्न असतो, हे सांगण्यास पुरेसे मेंदू तपासले गेले नव्हते.

त्यांच्या कार्यातील एक विसंगती अभ्यासक विशेषत्वाने नोंदवतात. १९२६ मध्ये फळमाशीच्या पंखातील साध्या शिरेबाबतही जनुकावरून गुणाचे खात्रीशीर भाकीत करता येत नाही, हे त्यांनी स्वतः दाखवले. आणि त्याच सुमारास एका मेंदूतील पेशींच्या आकारावरून एका माणसाच्या प्रतिभेचे स्पष्टीकरण देण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. पहिली मांडणी विज्ञानात टिकून राहिली. दुसरी टिकली नाही.

वारसा

१९६० च्या दशकात नॉयश्टाट येथील संग्रह ड्युसेलडॉर्फ येथे हलवण्यात आला. तेथील विद्यापीठाची मेंदूसंशोधन संस्था सेसिल व ऑस्कर फोग्ट यांच्या नावाने ओळखली जाते. कार्ल त्सिलेस आणि काट्रिन आमुंट्स यांनी तेथे बाह्यकाच्या नकाशांचे काम नव्याने हाती घेतले. सीमारेषा आता संगणकाच्या साहाय्याने, पेशींच्या दाटीचे मोजमाप करून आणि संख्याशास्त्रीय कसोटी लावून ठरवल्या जातात. २०१३ मध्ये आमुंट्स व सहकाऱ्यांनी ६५ वर्षे वयाच्या एका मृत स्त्रीच्या मेंदूचे ७,४०४ छेद जोडून २० मायक्रोमीटर इतक्या बारकाव्याचे त्रिमितीय प्रतिरूप तयार केले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला युलिश मेंदूनकाशा २३ मेंदूंवर आधारलेला असून एखादे क्षेत्र एखाद्या जागी सापडण्याची संभाव्यता किती, हे तो दर्शवतो. एकाच्या मेंदूवरून सर्वांविषयी बोलण्याची जुनी अडचण त्यात बऱ्याच अंशी दूर झाली आहे.

मेंदूची रचना आणि आनुवंशिकता यांना एकत्र आणण्याची फोग्ट यांची कल्पना एमआरआय तंत्र आणि जनुकीय तपासणी यांमुळे जिवंत माणसांबाबत शक्य झाली. या शाखेस प्रतिमाचित्रण आनुवंशिकी असे म्हणता येईल. तिच्या आरंभीच्या काळातही लहान नमुन्यांचा मोह सुटला नव्हता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात केवळ २८ व्यक्तींच्या आधारे, सेरोटोनिनच्या वहनाशी संबंधित एका जनुकाचा भेद आणि भीतीच्या वेळी मेंदूतील ॲमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया यांचे नाते सांगण्यात आले होते. अधिक व्यक्ती घेऊन केलेल्या पुढील अभ्यासांत हा परिणाम बराच क्षीण ठरला.

या अनुभवातून अनेक देशांतील प्रयोगशाळांनी आपली माहिती एकत्र करण्यास सुरुवात केली. २००९ मध्ये स्थापन झालेला एनिग्मा हा संशोधकसंघ त्याचे ठळक उदाहरण आहे. या संघाने २०२० मध्ये ५१,६६५ व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा व जनुकीय माहिती यांची सांगड घातली. बाह्यकाचे पृष्ठफळ आणि जाडी यांच्याशी निगडित अशी डीएनएवरील १९९ ठिकाणे त्यात आढळली. त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प आहे. तपासलेल्या व्यक्तींपैकी बहुसंख्य युरोपीय वंशाच्या असल्यामुळे हे निष्कर्ष इतर लोकसमूहांस कितपत लागू पडतात, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. ब्रिटनमधील यूके बायोबँक प्रकल्पानेही २०१४ पासून एक लाख स्वयंसेवकांच्या प्रतिमा घेण्याचे उद्दिष्ट ठेवून काम केले.

फोग्ट दांपत्याने तयार केलेले छेद ड्युसेलडॉर्फ येथे जतन केलेले असून संशोधक आजही त्यांचा उपयोग करतात. त्यांच्या तंतुरचनेच्या जुन्या नकाशांतील माहिती अलीकडच्या काळात एकत्रित करून आधुनिक मेंदूप्रतिमांशी जुळवण्यात आली आहे. फोग्ट यांच्या जीवनावर व लेनिन यांच्या मेंदूच्या परीक्षणावर आधारित कादंबरी जर्मन लेखक तिलमान श्पेंगलर यांनी १९९१ मध्ये लिहिली.